किडूक चावल्यास

पत्रक मी लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मला राग लवकर येतो आणि रागाच्या भरात असल्या गोष्टी मागे पडतात.

आमचा गट जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर आरोग्याची पत्रकं वाटतो. लिहायचं काम माझ्याकडे. त्या दिवसांत माझा राग औषधांच्या दुकानांवर होता. मुंगळा चावला तरी ट्यूब, गोळ्या, वर इंजेक्शनचा सल्ला! मी निरगुडसरची. उसाचं पाचट काढताना गांधीलमाशी डसली की आई पाटाच्या गार पाण्यात माझा हात बुडवून धरायची, वर ओल्या फडक्याची घडी ठेवायची आणि म्हणायची, "माशीनं आदी तुला इचारायला पायजे व्हतं का गं?" तासाभरात ठणका उतरायचा. मधमाशीचा काटा चिमटीत पिळायचा नाही, नखानं आडवा खरवडून लगेच काढायचा, हे मला तिनंच शिकवलं. कुठल्या डॉक्टरनं नाही.

मग मी लिहिलं. मथळा: 'किडूक चावल्यास घाबरू नका!' खाली: साबणानं धुवा. गार पाण्याची पट्टी ठेवा. कांदा कापून चोळा. चुना लावू नका, कातडी भाजते. आणि शेवटी जाड अक्षरात: 'उठसूट दवाखान्यात धावू नका. तुमचा दवाखाना तुमच्या घरात आहे!'

'कीटक' मला पुस्तकी वाटला होता. 'किडूक' कसा मातीतला! आमच्याकडे किडूक म्हणजे मुंगळा, माशी, फार तर गोम. बैठकीत सगळे खूश झाले. जुन्नरच्या डोंगरातल्या मढच्या बाजूची एकही बाई त्या बैठकीत नव्हती. बायकांना विचारत नाहीत म्हणून मी दुसऱ्यांवर किती पत्रकं लिहिली आहेत, ते विचारू नका.

दसऱ्याच्या आधी मढकडच्या वाड्यांवर पत्रक वाटलं. भात कापणी सुरू झाल्यावर दुसरा गठ्ठा घेऊन स्कूटीवरून गेले. सकाळचे अकरा वाजले असतील. पहिल्याच घराच्या ओटीवर एक तरणी सून पाय लांब करून बसली होती. पावलावर कांद्याच्या चकत्या, वर फडकं. दाराच्या चौकटीवर माझं पत्रक चिकटवलेलं.

"या ताई," सासू म्हणाली. "बगा, तुमी लिवलंय तसंच केलंय. साबनानं धुतलं, कांदा चोळला. चुन्याला हात न्हाई लावला."

"कधी चावलं?"

"नवाला. भात कापताना. ह्यो माजा ल्योक लगेच गाडी आनतो म्हनला. मीच म्हनलं, थांब रं, कागदात काय लिवलंय? उठसूट धावू नका."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? माझं पत्रक कुणीतरी वाचून तसंच्या तसं केलं होतं. मी फडकं उचललं. पाय पोटरीपर्यंत सुजून तकतकत होता. घोट्याजवळ दोन टिंबं, आणि दोन तास झाले तरी त्यांतून रक्त पाझरत होतं.

"मावशी, कसलं किडूक होतं?"

"किडूक म्हंजी किडूकच."

"माशी? गोम? विंचू?"

"आता तुमीच लिवलंय की ताई."

"अहो, पण दिसायला कसं होतं?"

सूनच हळू म्हणाली, "नाव नाय घ्यायचं ताई. भात खळ्यावर येईस्तवर. नाव घेतलं की परत येतं."

"साप?" मी त्यांच्या दारात मोठ्यानं ओरडले.

सासूनं कानांवर हात ठेवले. "काय बोलताय वो तोंडानं!"

नाव टाळायची खोड माझ्या घरचीही आहे. आम्ही 'जनावर' म्हणतो. इकडं त्यालाच किडूक म्हणतात, एवढंच. ते विचारायला मला एक प्रश्न पुरला असता.

नवऱ्यानं शेजारची पिकअप आणली. आम्ही सुनेला चालू दिलं नाही, उचलूनच मागे झोपवलं, पाय हलू नये म्हणून खाली फळी घातली. वाटेत तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं.

"ताई," नवरा म्हणाला, "पर कागदात तर..."

"कागद चुकलाय!"

"छापलेला कसा चुकंल?"

जुन्नरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि वीस मिनिटं तसंच ठेवलं. गोठायला हवं होतं. नळी कलती केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. लगेच सलाइनमधून सापाची लस सुरू झाली. "इतका वेळ काय करत होतात?" डॉक्टर नवऱ्यावर खेकसले. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गाडी न्हवती, सायेब."

"गाडी होती," मी म्हणाले. "मी लिहिलेल्या पत्रकात थांबायला सांगितलं होतं."

डॉक्टरांना माझ्या कबुलीजबाबासाठी वेळ नव्हता. सहा तासांनी पुन्हा नळी बघू, म्हणाले, आणि बाहेर थांबायला सांगितलं.

सहा तास मी फाटकापासून नळापर्यंत आणि नळापासून फाटकापर्यंत चालत होते. सवयीनं डोक्यात निवेदनं तयार होत होती. वाडीवर सरकारी गाडी का नाही? मोबाइलला रेंज का नाही? जवळच लस का मिळत नाही? सगळे प्रश्न खरे होते आणि त्या दिवशी एकाचाही उपयोग नव्हता. शेजारीच पिकअप होती, नवरा निघाला होता, आणि त्याला माझ्या जाड अक्षरांनी अडवलं होतं.

"बसा की ताई," नवरा म्हणाला. "तुमी फिरून तिचं रगात गोठनार हाय का?"

मी बसले. पुन्हा उठले.

संध्याकाळी डॉक्टर नळी घेऊन दारात आले. सासूसमोर त्यांनी ती उलटी केली. रक्त जागचं हललं नाही. "गोठलं. जिवाचं भय टळलं. पायाची जखम भरायला वेळ लागेल."

सासूनं त्या नळीलाच हात जोडले. मी आत गेले. मला माफी मागायची होती. वाक्यं जुळवली होती, छोटी, नेहमीसारखी. पण आधी सूनच बोलली.

"ताई, दसऱ्याला माझा भाऊ आला व्हता. तुमचे दोन कागद दिलेत त्याला. एक घरात लावाय, एक शेजारी."

"माहेरी किडूक कशाला म्हणतात?"

"आमच्यासारखंच. उद्यापासनं कापनी हाय तेंची. फोन लागत न्हाई तिकडं."

सुनेचं माहेर वाडीच्याच वाटेवर पुढे होतं आणि शेजाऱ्याची पिकअप परत निघाली होती. मी धावत जाऊन तिला थांबवलं. सासू माझ्यामागं फाटकापर्यंत आली.

"तिथं जाऊन दारात त्यो शबुद नका काढू. हाकलून देतील. मंग तुमचं ऐकंल कोन?"

"मग काय सांगू, मावशी?"

"हिचा पाय सांगा. दोन टिपकं सांगा. कांदा लावून बसलो ते सांगा, हिरड्यातनं रगात आलं ते सांगा." तिनं पिकअपचं दार माझ्यासाठी ओढून लावलं. "नाव कशाला पायजे?"