विमानतळावरचा वजनकाटा

आमच्या गावची छोटी विमानसेवा केव्हाच बंद पडली, पण तिचा वजनकाटा विमानतळाच्या कोपऱ्यात अजून आहे. काल तो दिसला. त्या चिमुकल्या विमानात चढण्याआधी सामानाबरोबर माणसांचंही वजन होई.

एकदा बाळंत लेकीकडे निघालेल्या आजींमुळे विमानाचा भार मर्यादेपेक्षा चार किलोंनी जास्त झाला.

“आजी, लाडवांचा डबा इथंच ठेवा,” काउंटरवरचा कारकून म्हणाला.

“मग लेकीला काय देऊ? तुझी पावती?”

मागच्या गलेलठ्ठ ठेकेदारानं आपली बॅग काट्यावर टेकवली. “ही उद्या पाठवा. मला काही कमी करता येत नाही.”

सगळी रांग हसली. आजींनी डबा पोटाशी धरला. विमान उडालं, तेव्हा काट्यावर ती बॅग एकटीच होती.

काल काटा शून्यावर होता. बघून बरं वाटलं; जे पोचायचं होतं, ते पोचलं होतं.