जावयाची ई-मेल

आमचे भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवायचे. त्यांनी ई-मेलवर दोन दिवसांचं शिबिर केलं होतं. एवढ्याशा विद्येवर माणूस केवढं वाटोळं करू शकतो, हे मी शेजारी बसून पाहिलं.

मूर्तिजापुरात आमची तूरडाळीची छोटी गिरणी होती. त्या वर्षांत आसपासच्या खेड्यांतलं गिऱ्हाईक आटलं होतं. पुण्या-मुंबईच्या खानावळींनी डाळ घेतली तरच आई गिरणी चालू ठेवू शकणार होती. भाऊजी म्हणाले, मी मेल टाकतो. जावयाला नको म्हणायची आमच्याकडे रीत नाही.

बडनेऱ्याच्या सायबर कॅफेत त्यांनी एकच मेल सगळ्यांना धाडली. वर सगळ्यांचे पत्ते उघडे, लग्नपत्रिकेतल्या काका-मामांसारखे ओळीने. सुरुवात 'महोदय/महोदया', म्हणजे समोर कोण आहे हे बघायचीही तसदी नाही. मग 'आत्महत्याग्रस्त जिल्हा', मग 'घरचा कर्ता गमावलेली माउली'. डाळ कशी शिजते, भाव काय, पोचेल कधी, यातलं अक्षर नाही. डाळीचं नाव आलं ते पार शेवटी, तेही 'मदतीचा हात द्या'च्या आधी घाईघाईत.

मी म्हटलं, "भाऊजी, बाबा तं चांगले ठणठणीत हायेत."

"तुले नाई समजत. लोकायचं काळीज हललं पाह्यजे."

काळीज हललं. मागणी एकही आली नाही. एका खानावळवाल्याने 'माझा पत्ता काढून टाका' म्हणून कळवलं. त्या सगळ्यांत तेवढाच एक शहाणा.

पंधरवड्याने रेल्वेने गाठोडं आलं. स्टेशनवर सही करून बाबांनीच ते घरी आणलं. आत कॉलर विरलेले शर्ट, आणि वर इस्त्री केलेली पांढरी साडी. सोबत चिठ्ठी, 'ताईंसाठी'. दयाळू माणसांची मला तेव्हापासून किळस आहे.

भाऊजी जेवायला बसले होते. आईने त्यांना वरण वाढलं, बाबांकडे पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "जवाईबुवा, मले डाळ इकाची होती. तुमी तं यायलेच इकलं."

भाऊजी भात कालवत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून आई त्या साडीने गिरणीचं वंगण पुसायला लागली. दिवाळीआधी गिरणी बंद झाली, तेव्हा साडी अर्धीही मळली नव्हती.