कागदावर अकुशल

धारूरच्या घाटाखाली एक सहकारी साखर कारखाना होता. त्या कारखान्याची साखर सतरा-अठरा वर्षं ज्या माणसाच्या दोन बोटांवर ठरली त्याचं नाव बिभीषण. घरचा धंदा मेंढरांचा. थोरला भाऊ धुळाजी मेंढरांमागंच राहिला. बिभीषण सातवी शिकला आणि एक्क्याण्णव सालच्या हंगामात, विसाव्या वर्षी, कारखान्यावर पोती उचलायला लागला.

पोत्यांवरून तो पॅनवर गेला तो विठ्ठलरावांमुळं. पॅन म्हणजे घराएवढी बंद कढई. तिच्यात उसाच्या रसाचा पाक शिजतो आणि शिजता शिजता त्यात साखरेचा दाणा धरतो. ती वेळ ओळखणारा तो पॅनमन. विठ्ठलराव सांगलीकडचे, जुने पॅनमन होते. सळई घालून ते पाकाचा नमुना काढायचे, काचेच्या पट्टीवर पसरून उजेडाला धरायचे आणि मग अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात चोळायचे.

"रव्यासारखं लागलं तर चालू दे," ते सांगायचे. "पिठासारखं लागलं तर समज, खोटा दाणा धरलाय. पाणी द्यायचं आणि विरघळवायचं. मीटर काय सांगतंय ते नंतर बघ."

बिभीषण पाच हंगाम त्यांच्या शेजारी उभा राहिला. विठ्ठलराव गावी परतले तेव्हा पॅन त्याच्याच हातात आला. जागा मात्र आली नाही. चेअरमन मोहनरावांचा एक भाचा होता, तो कागदावर पॅनमन झाला. महिन्यातून एकदा मोटरसायकलवर यायचा, हजेरीवर सह्या करायचा आणि कँटीनमध्ये चहा पिऊन जायचा. बिभीषणनं एकदा मोहनरावांना गाठून विचारलं तर ते म्हणाले, "तू काम चालू ठेव बाबा. कागदाचं बघू आपण."

तो काम चालू ठेवत राहिला. साखर उजळ निघाली की कारखान्यावर सगळे त्याचं नाव घ्यायचे आणि त्याला ते पुरेसं वाटायचं. बायको ताराबाईला वाटत नव्हतं. "आवो, नावानं कोण हाक मारतंय ते सोडा. लिहिलंय काय ते बघा," ती म्हणायची. तो हसून पाण्याचा तांब्या मागायचा.

मग बारा सालचा दुष्काळ आला आणि तो सरायलाच तयार नव्हता. विहिरी आटल्या, लोकांनी उसाची खोडं उपटून टाकली. कारखान्यानं कसाबसा एक हंगाम रेटला आणि गाळप बंद केलं. बिभीषण टँकरवर नळी धरायला लागला. येताजाता रस्त्यावरून कारखान्याची चिमणी दिसायची, धूर नसलेली. तो तिकडं बघत नसे.

सतरा साली कारखाना एका खासगी कंपनीनं चालवायला घेतला. जुन्या कामगारांना बोलावणं आलं. कंपनीचे भरतीचे साहेब तरुण होते, बोलायला सरळ होते. "अनुभव चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. "पण पॅनवर आम्ही कोर्स केलेला माणूसच घेतो. सर्टिफिकेट नसेल तर निदान जुन्या ऑफिसचं अनुभवाचं पत्र आणा."

जुन्या ऑफिसात त्रिंबकराव नावाचे कारकून अजून बसत होते. त्यांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत खाली आले आणि तिथंच थांबले.

"अकुशल कामगार, साफसफाई विभाग. असं लिहिलंय, बिभीषण."

"त्रिंबकराव, मी पॅनवर होतो की. तुमाला ठावं न्हाई का?"

"मला ठावं हाय. रजिस्टराला न्हाई." त्यांनी चष्मा काढला. "मी दुसरं कावून लिहून देऊ सांग? उद्या कुणी ताडून बघितलं तर?"

तसं पत्र घेऊन जाण्यात अर्थ नव्हता. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की सरकारची एक योजना आली आहे. ज्याला काम येतं पण कागद नाही, त्याची तीन दिवस परीक्षा घेऊन कागद देतात. बिभीषण एसटीनं बीडला गेला. एका मंगल कार्यालयात टेबलं मांडली होती. लॅपटॉपवर एक मुलगी नावं घेत होती. तिनं यादी खालीवर केली: शिलाई, मोबाइल दुरुस्ती, दुकानातला विक्रेता, सुरक्षा रक्षक.

"पॅनमन असं काही नाहीये हो काका यात."

"ताई, जिल्ह्यात कारखाने हाईत की. मग यादीत कावून न्हाई?"

"यादी वरून येते." तिला वाईट वाटलं असावं, कारण ती बराच वेळ शोधत राहिली. "तुम्ही साखरेचा पाकच उकळता ना? मग जॅम-जेली बनवणारा, हे जवळचं होईल. हे टाकू?"

बिभीषणनं मान डोलावली. तीन दिवस त्यानं हात कसे धुवायचे, टोपी कशी घालायची, बरणीला लेबल कसं लावायचं ते ऐकलं. शेवटी टॅबवर पंधरा प्रश्नांची परीक्षा झाली आणि तो पास झाला. कागदावर त्याचा फोटो होता, शिक्का होता.

भरतीच्या साहेबांनी कागद वाचला आणि तो त्याच्यापुढं सरकवला. "हे कुठं दाखवू नका," ते हळूच म्हणाले. "लोक हसतील. गेटवर वॉचमनची जागा आहे, ठेकेदाराकडून. येता का?"

घरी येऊन त्यानं ताराबाईला जागा मिळाल्याचं सांगितलं. कोणती ते तिनं दुसऱ्या दिवशी दांडीवर वाळत घातलेल्या खाकी शर्टावरून ओळखलं.

पॅनवर सिदू नावाचा पोरगा आला, सोलापूरकडचा, सव्वीस वर्षांचा, नुकतंच लग्न झालेला. लांबच्या शहरात त्यानं वर्षभराचा कोर्स केला होता. पण तिथं पॅन पडद्यावरून चालायचा, आकडे बघून बटण दाबायचं. इथल्या पॅनचे निम्मे मीटर दुष्काळाच्या आधीच बंद पडले होते. पहिल्या आठवड्यात सिदूच्या हातून पाकाचे तीन घाणे बिघडले. दाणा पिठासारखा आला, साखर गाळून निघेना, मॅनेजर सगळ्यांसमोर बोलले. दुपारी सिदू गेटवर आला आणि बिभीषणच्या स्टुलाशेजारी उभा राहिला.

"काका, इथं पॅन तुम्ही चालवायचात म्हणतात."

"म्हणतात."

"मला कळंना झालंय. ही नोकरी घालवली तर घरी काय तोंड दाखवू मी?"

नाही म्हणावं असं बिभीषणला खूप वाटलं. पण चार वर्षं त्यानं पाकाला बोट लावलं नव्हतं. ड्यूटी सुटल्यावर तो जिना चढून वर गेला.

दोन महिने असं चाललं. ड्यूटी संपली की बिभीषण वर जायचा, सिदूला नमुना चोळायला लावायचा. "काय लागतंय? डोळे मीट बे. आता सांग." सिदू हुशार होता, शिकत गेला. साखर सुधारली. मॅनेजरला सगळं दिसत होतं. त्यांनी कधी विचारलं नाही आणि कधी थांबवलंही नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी दोघं पॅनपाशी उभे असताना वाफेच्या पाइपचा जुना जोड फुटला. सिदू जोडाच्या अगदी पुढं होता. बिभीषणनं डाव्या हातानं त्याला मागं ढकललं आणि उजव्या हातानं व्हॉल्व्ह आवळला. व्हॉल्व्ह बंद व्हायला लागला तेवढा वेळ तो हात वाफेत होता.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात तो महिनाभर होता. बोटं राहिली, पण कातडी आखडून चकाकती झाली. अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला काही कळेनासं झालं. ताराबाई भाकरी कुस्करून त्याच्या हातावर ठेवायची तेव्हा ती गरम आहे की गार, हे त्याला समजत नसे.

भरपाईचा अर्ज ताराबाईनंच दिला. चौकशी झाली. ड्यूटी संपलेला वॉचमन पॅनवर कशाला गेला होता, एवढाच प्रश्न होता. सिदूचा जबाब घेतला. त्याची नोकरी अजून पक्की व्हायची होती आणि बायकोला सातवा महिना होता. त्यानं लिहून दिलं की मी कुणाला वर बोलावलं नव्हतं. अर्ज फेटाळला गेला. ठेकेदारानं गेटवर दुसरा माणूस ठेवला.

ताराबाई त्या पोराला भेटायला निघाली होती. बिभीषणनं अडवलं.

"त्यानं खोटं लिहिलं," ती म्हणाली.

"लिहिलं. मीबी जॅमवाला म्हणून सही केलतीच की."

"तुमच्या सहीनं कुणाची भरपाई बुडाली व्हती?"

ती मग गेलीही नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस पुन्हा फिरकला नाही. होता तो ऊस जनावरांच्या छावण्यांना चारा म्हणून गेला. कारखाना कसाबसा महिनाभर चालला आणि कंपनीनं कुलूप लावलं. सिदूला कर्नाटकातल्या एका कारखान्यात जागा मिळाली. जाताना त्याच्याजवळ कंपनीचं पत्र होतं. त्यात कुशल पॅनमन असं लिहिलेलं होतं, आणि ते खरंही होतं.

बिभीषण धुळाजीच्या उरलेल्या मेंढरांमागं जाऊ लागला. वीसेक मेंढरं होती, बाकीची दुष्काळात विकली होती. एका दुपारी डोंगराच्या उतारावर फोन वाजला.

"काका, मी सिदू." ख्यालीखुशाली न विचारता तो म्हणाला, "दाणा बारीक येतोय इथं. तीन दिवस झाले. काय करू?"

बिभीषणनं मेंढरांकडं बघितलं. फोन ठेवून द्यावा असं वाटलं. पण त्याच्या तोंडून प्रश्न गेलाच. "पाक किती घट्ट असताना दाण्याचं बी टाकतोस?"

सिदू सांगत गेला. बिभीषण विचारत गेला. नमुना कसा दिसतो, बोटाला कसा लागतो, चिकटतो की सुटतो. शेवटी त्यानं सांगितलं, "घाई करतोयस. थोडा पातळ असतानाच बी टाक, अन् सावकाश घट्ट होऊ दे."

"काका," सिदू म्हणाला, "तुम्ही इकडं या ना. मी मॅनेजरशी बोलतो. तुमच्यासारखा माणूस नाही इथं."

"काय म्हणून येऊ?"

पलीकडून यंत्रांचा घरघराट ऐकू येत राहिला. बिभीषणनं तो थोडा वेळ ऐकला. तोवर दोन मेंढरं खालच्या वाळल्या तुरीत शिरली होती. फोन खिशात टाकून तो त्यांना वळवायला उतरला.