काकांचं एका ओळीतलं काम

फोन आला तेव्हा मी लखनौच्या एका मीटिंगमध्ये भिंतीवरचा तक्ता समजावून सांगत होते. चिरगाँवच्या बसस्टँडवरून कुणी अनोळखी माणूस बोलत होता. काकांच्या खिशातल्या डायरीत माझा नंबर पहिला होता. "आपके चाचाजी... बेंच पर बैठे थे, फिर उठे ही नहीं." मी "जी" म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेला तक्ता समजावून संपवला. हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.

काका आमच्या शहरात दतिया गेटजवळच्या एका सरकारी कचेरीत नकला देण्याच्या विभागात होते. जुन्या घराच्या कागदाची नक्कल हवी असलेले लोक त्यांच्याकडे यायचे, बहुतेक जण नोंदीच्या क्रमांकाशिवाय. काका विचारायचे, "कुआँ किस तरफ था? सामने किसका दरवाज़ा खुलता था?" माणूस आठवत, चुकत बोलत राहायचा आणि काका उठून नेमका कागद काढून आणायचे. घरी मला चिडवायचे, "आमची चिमी मराठीत गप्प, हिंदीत गप्प. इंग्रजी शाळेत घातली, तर आता तीन भाषांत गप्प!" माझं मराठी कच्चं. मी जे काही मराठी बोलायचे, ते त्यांच्याशीच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीला त्याच कचेरीचं बिझनेस रेफरन्स मॉडेल करायचं काम मिळालं. म्हणजे संस्था कोणकोणती कामं करते, याचा तक्ता. ती कामं कुठल्या खोलीत, कोण करतं, हे त्यातून मुद्दाम वगळतात. मग एकच काम दोन ठिकाणी होत असेल, तर लगेच दिसतं. कचेरीतले लोक माझ्याशी धड बोलेनात. काकांनीच मला खोल्याखोल्यांतून फिरवलं, "भतीजी है मेरी, बताओ इसको भैया" म्हणत. शेवटी मी त्यांनाही त्यांचं काम एका ओळीत सांगायला सांगितलं.

"लिही, लोकांना त्यांचं घर शोधून देतो."

"काका, असं नाही चालत."

"मग तुझ्या पद्धतीनं लिही की."

मी लिहिलं, दस्तऐवजाची प्रत देणे. नोंदीचा क्रमांक दिला की छापील प्रत देणाऱ्या संगणक कक्षासमोरही मी तेच लिहिलं होतं. दोन्ही कामं एकाच चौकोनात गेली. त्या दिवशी मला तो चौकोन फार नेटका वाटला होता...

काही महिन्यांत नकलांचा विभाग बंद झाला आणि काकांची बदली चिरगाँवला झाली. रोज बसनं जाणं-येणं. त्या चौकोनाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. एकदा फक्त डबा पिशवीत ठेवताना म्हणाले, "तिथे कुणी काही विचारायला येत नाही गं. चहा मात्र चांगला मिळतो."

प्रेम नगरच्या आमच्या घरात, काकांच्या खोलीत तो तक्ता अजून भिंतीवर आहे. त्यांनी फ्रेम करून लावला होता. कोपऱ्यातल्या माझ्या नावाखाली पेन्सिलीची रेघ आहे. मागच्या रविवारी एक बाई पत्ता विचारत आल्या. "बाबूजी हैं?" संगणक कक्षात क्रमांक मागतात, तो त्यांच्याकडे नाही, आणि कागदाशिवाय जेठ, म्हणजे मोठे दीर, घरात राहू देत नाहीत. काका गेले, असं मी सांगितलं. त्या बाई तक्त्याखालच्या खुर्चीवर बसून राहिल्या, उठल्याच नाहीत. मग मी विचारलं, "कुआँ किस तरफ था?"

त्या सांगत गेल्या... चिंचेचं झाड, तीन दगडी पायऱ्या, समोर रंगाऱ्याचं दार. मी सगळं लिहून घेतलं. दोन पानं भरली. ती आता कुणाकडे न्यायची, ते मला माहीत नाही.