सारणाखालचं ओलं वर्तुळ

हमीदाखाला गेल्याचं तिच्या सुनेनं, नाझनीननं, फोनवर सांगितलं तेव्हा मी मिरकरवाड्याच्या जेटीवर कोलंबीच्या भावावरून भांडत होते. फोन ठेवला आणि कोळीण म्हणाली त्या भावाला कोलंबी घेऊन घरी आले. असं माझ्या हातून पहिल्यांदाच झालं. शेजारी राहूनही खालाशी माझं दोन महिने बोलणं नव्हतं... आणि ते मीच बंद केलं होतं.

आमची ओळखही घासाघिशीतूनच झालेली. मी तेव्हा पावसहून नारळ आणून दारोदार विकायचे. खाला एकेक नारळ कानाशी हलवून भाव पाडायची, आणि मी काही ऐकून घेणारी नव्हते. एकदा अर्धा तास वाद झाल्यावर ती म्हणाली, "आत ये गो बाय. खाऊन भांड." तिनं समोर ठेवले ते पास्त्याचे मोठे शिंपले, पोटात कोलंबीचं सारण, वर पांढरा सॉस, ओव्हनमधून नुकतेच काढलेले. तिचा नवरा जहाजावर खानसामा होता, त्याच्याकडून ती हे शिकली होती. मी विचारलं, "खाला, ह्या तिसऱ्या कुठल्या खाडीतल्या?" ती इतकी हसली, की नारळ मी सांगितलेल्या भावाला घेतले.

डोक्यावरची टोपली तिनंच उतरवली आणि मला हे शिंपले ऑर्डरीवर करून द्यायचं काम शिकवलं. सारण भरलं की उकडायचं, एवढंच माझ्या हातांना ठाऊक. पहिले वीस शिंपले मी भरले आणि सरळ मोदकपात्रात ठेवले. झाकण काढलं तर गिळगिळीत लगदा. खाला म्हणाली, "गणपती तुझा आहे, तो चालवून घेईल. गिऱ्हाईक नाही घ्यायचं." मग तिनं शिकवलं, की शिंपले ओव्हनमध्ये भाजायचे आणि सारण कोरडं हवं. पालक पिळून घ्यायचा, कोलंबीआधी कांद्याचं पाणी आटवायचं, घरचं पनीर फडक्यात चांगलं चार तास टांगायचं. शेवटी सारणाचा एक गोळा रविवारच्या पुरवणीवर ठेवून शंभर आकडे मोजायचे. खाली वर्तुळ उमटलं, तर सगळं सारण परत कढईत आणि तो गोळा मांजरीला. "पुरवणीच का?" म्हटलं तर म्हणाली, "बातम्यांचं पान वाचायला लागतं."

माझ्या ऑर्डरी वाढल्या, स्वतःचा ओव्हन आला, तरी तिचं बोट माझ्या सारणात असायचंच. एके दिवशी साखरपुड्याची ऑर्डर द्यायला दोन बायका आल्या होत्या. त्यांच्यादेखत खालानं गोळा उचलला आणि मोठ्यानं म्हणाली, "ओलं. सुनंदाला हल्ली घाई फार." बायका निघून गेल्या त्या परत आल्या नाहीत. मी उसळले. "टेबल ओलं होतं! तुझा हात ओला होता!" ती शांतपणे म्हणाली, "सारण ओलं आहे, बाय." मी तो कागद पुरावा म्हणून ओढून घेतला आणि मैद्याच्या डब्याखाली ठेवला. कधीतरी तिच्यापुढे टाकून तिला माफी मागायला लावायची होती.

भेटायला गेले तेव्हा नाझनीन म्हणाली, "अम्मी रोज दाराकडे बघायच्या. म्हणायच्या, कागद घेऊन येईल ती. भांडण अर्धं टाकणारी बाई नाही." मी अर्धंच टाकलं होतं...

घरी येऊन डबा उचलला. टेबलावरचं पाणी असतं तर दोन महिन्यांत सुकून गेलं असतं, मागे काही उरलं नसतं. कागदावर पिवळसर, कडेला गडद झालेलं पनीरच्या निवळीचं वर्तुळ स्पष्ट दिसत होतं. त्या दिवशी मी पनीर दोनच तास टांगलं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तिनं चारचौघांत बोलायला नको होतं, हे मी आजही म्हणेन. ती समोर असती तर तिलाही ऐकवलं असतं. पण आज माझं घर उभं आहे ते तिनं शेकडो वेळा "ओलं" म्हणून मला कढईकडे परत पाठवलं म्हणून, आणि हे तिला ऐकवायचं राहून गेलं.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. हा लेख ज्या पुरवणीत येईल ती माझ्याकडेही येईल. वाचून झाली, की याच पानावर गोळा ठेवून शंभर मोजेन. टेबल मात्र आधी दोनदा कोरडं पुसेन... मागून सबब नको.