कावानाग, मूळचे बॅरोकाठचे

दुपारी बेल वाजली आणि मी नेहमीसारखी दचकले. दारात तारवाला होता. तार न्युरेम्बर्गहून आली होती, खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लांगची... आन्ना कावानाग पहाटे झोपेतच गेली, लवकर या. तार हातात धरून मी पॅसेजमध्येच उभी राहिले. शेवटी मीरानेच मागून येऊन जर्मनमध्ये विचारलं, आई, दार उघडं का ठेवलंयस? त्याला आता काही आठवडे झाले. आन्नाताई आमच्या ना नात्याच्या ना गोत्याच्या. लग्न होऊन मी या देशात आले तेव्हा आपल्या दोन खोल्यांपैकी एक त्यांनी आम्हाला भाड्याने दिली होती, एवढाच संबंध. पण त्या गेल्या आणि मला माहेरच्या नावाने हाक मारणारं या देशात कोणी उरलं नाही.

आमचे हे न्युरेम्बर्गला एका मोठ्या कारखान्यात मापनयंत्रांवर काम करायचे. सकाळी अंधारात जायचे ते संध्याकाळी अंधारात यायचे. दिवसभर घरात मी आणि आन्नाताई. मी एकवीस वर्षांची, जर्मन म्हणजे गुटन मॉर्गनच्या पुढे सगळा आनंद, आणि भित्री तर इतकी की जिन्यात कोळसेवाल्याचे बूट वाजले तरी मी कडी तपासून बघायचे. मला वाटलं होतं, इथली माणसं उंचपुरी, ती कशाला घाबरतील! पण पहिल्याच शनिवारी हवाई हल्ल्याच्या भोंग्याची चाचणी झाली तेव्हा मी धावत स्वयंपाकघरात गेले, तर आन्नाताई टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. माझ्याकडे बघून त्यांनी नुसतं जरा सरकून जागा केली. आमची ओळख झाली ती तिथे, टेबलाखाली.

त्यांच्या दाराआड एक पाठपिशवी भरून ठेवलेली असे. पट्टे बांधलेली, उचलली की निघायचं अशी. आणि एक सवय त्यांची मला फार विचित्र वाटायची. बेल वाजली की त्यांचा चेहरा पांढराफटक पडे, पण त्या आतून कधीही ‘कोण आहे’ म्हणून विचारत नसत. सरळ दार उघडत. मला तर आईने लहानपणापासून बजावलेलं, बाई गं, आधी कोण ते विचार, मग कडी काढ. एकदा मी तसं विचारलं तर आन्नाताई माझ्या अंगावर ओरडल्याच. "विचारायचं नाही! जो घाबरलेला असतो तो उत्तर देत नाही. निघून जातो." हे कोणाबद्दल चाललंय ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही.

दारावर त्यांची पितळी पाटी होती, कावानाग एवढंच कोरलेली. ती त्या रोज पुसायच्या. मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आपल्याकडचा प्रश्न विचारला, जो आपण आगगाडीत शेजारी बसलेल्यालाही विचारतो... आडनाव वेगळं वाटतंय, तुम्ही मूळचे कुठले? प्रश्न ऐकून त्या आधी घाबरल्या. या देशात तो प्रश्न पोलीस विचारतात, हे मला कोण सांगणार! मग माझ्या चेहऱ्यावर नुसती भोचक चौकशी आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आल्झो... म्हणजे बघ, आम्ही आयर्लंडचे." लेन्स्टर म्हणून तिथला एक प्रांत, त्याच्या राजाने आपला एक मुलगा कुठल्याशा संताच्या मठात वाढायला ठेवला. त्या संताच्या नावावरून मुलाला लोक कावानाग म्हणू लागले. म्हणजे बापाचं नाव नाही, वाढला त्या जागेचं नाव. "अहो, मग हे आमच्यासारखंच!" मी टाळीच वाजवली. "आमचे नेवऱ्याचे म्हणून नेवरेकर!" तिकडे कार्लो, वेक्सफर्ड, विक्लो या भागात म्हणे दगड भिरकावला तर कावानागलाच लागेल, दूधवालाही कावानाग आणि पाद्रीही कावानाग. त्यातल्याच धाकट्या पातीतला एक कोणी, घरात भागेना म्हणून, सैनिक होऊन ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या चाकरीत गेला, बोहेमियात, म्हणजे आताच्या चेकोस्लोव्हाकियात, त्याला जमीन मिळाली, तिथे लग्न केलं, आणि त्याच्या पुढच्या पिढ्या जर्मन बोलू लागल्या. नाव तेवढं शिल्लक राहिलं. आन्नाताई तिथल्याच एका गावच्या.

आपल्याकडे मुलांकडून गोत्र-कुलदैवत पाठ करून घेतात ना, तसं त्यांच्या घरी झोपताना मुलांना चार प्रश्न विचारत. आपण कुठले? बॅरो नदीकाठचे. कुठून निघालो? वेक्सफर्डच्या बंदरातून. बरोबर काय आणलं? घोडा, तलवार आणि म्हातारी आई. परत कधी जायचं? बोलावलं की. आयर्लंड त्यांच्यापैकी कोणीही पाहिलं नव्हतं, पण उत्तर चुकलं तर दूध मिळायचं नाही. आन्नाताईंनी हे चार प्रश्न आपल्या धाकट्या भावाला, टोनीला, स्वतः शिकवले होते. आई गेली होती, बाप लढाईत. टोनी त्यांच्याच मांडीवर वाढला.

लढाई संपल्यावर बोहेमियातल्या जर्मन बोलणाऱ्यांना घराबाहेर काढलं. पाठीवर मावेल तेवढं घ्यायचं, किल्ल्या देऊन टाकायच्या आणि मालगाडीत बसायचं. आयरिश नावाचा काही उपयोग झाला नाही. छावणीच्या फलाटावर आन्नाताईंना कागद दाखवायला बोलावलं तेव्हा त्या टोनीला म्हणाल्या, "या पिशवीवर बसून राहा, उठू नकोस." त्या परत आल्या तर पिशवी होती आणि टोनी नव्हता. एक गाडी अमेरिकनांच्या मुलखात निघाली होती, एक रशियनांच्या. तो कुठल्या गाडीत गेला, स्वतः चढला की कोणी चढवला, कोणालाच सांगता येईना. आठ वर्षांचा होता... ती पिशवी आन्नाताईंनी पाठीला लावून न्युरेम्बर्गपर्यंत आणली आणि पुन्हा कधी उघडली नाही. "या देशात म्युलर हरवला तर संपलं, घरोघरी म्युलर," त्या म्हणायच्या. "पण कावानाग सापडायलाच हवा. कितीसे आहोत आम्ही!" म्हणून ती पाटी. एका भल्या विधुर शिक्षकाने त्यांना मागणी घातली होती, त्याला त्यांनी नकार दिला. लग्न केलं तर दारावर त्याचं नाव लागेल, मग टोनी आला तर वाचेल काय?

हे सगळं ऐकल्यावर मी गप्प बसावं की नाही! पण बटाटे सोलता सोलता मी त्यांना आपल्या लग्नाची गंमत सांगायला गेले. ताटात तांदूळ पसरतात, नवरामुलगा अंगठीने त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो. मी कुसुम दाबके होते, यांनी लिहिलं वसुधा. झाले वसुधा नेवरेकर. आन्नाताईंची सुरी थांबली.

"दोन्ही नावं? पहिलंसुद्धा?"

"हो, दोन्ही."

"आणि ते तांदूळ?"

"ते काय... शिजवले असतील नंतर."

मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते जिरलं. "मग तू हरवलीस तर तुझी आई तुला कोणत्या नावाने शोधणार?" असं त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. त्या दिवसापर्यंत मला ही भीती माहीत नव्हती. संध्याकाळी बघते तर पितळी पाटीखाली जाड कागदाची एक पट्टी डकवलेली, त्यावर त्यांच्या ठाशीव अक्षरात कुसुम दाबके. हे घरी आल्यावर म्हणाले, "अगं, पोस्टमन विचारेल की, नेवरेकर दोन बायकांशी संसार करतात काय!" पण पट्टी काढली नाही. पावसाने शाई पुसट झाली की आन्नाताई नवी लावत. तेव्हापासून मी त्यांची कुसुम.

बर्लिनची भिंत उभी राहिल्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या गावची एक बाई भेटली. येनाला एका दारावर कावानाग नाव पाहिल्याचं तिने सांगितलं. येना पलीकडच्या मुलखात, पूर्व जर्मनीत. आन्नाताईंना तिकडे जाता येत नव्हतं आणि पत्र लिहायची त्यांना हिंमत होईना. पत्रं फोडली जातात, तो तिथल्या दुर्बिणी बनवणाऱ्या कारखान्यात असला आणि पश्चिमेकडे बहीण आहे असं वर कळलं, तर त्याचं काय होईल? त्याला शोधायचं होतं, पण शोधण्याने त्याचं वाटोळं व्हायला नको होतं. त्या खंगत चालल्या. अशात आमच्या ह्यांना येनाच्या विद्यापीठातून एका परिसंवादाचं बोलावणं आलं, सपत्नीक. आपल्या पासपोर्टाला तिकडे मज्जाव नव्हता. निघताना आन्नाताईंनी चिठ्ठी दिली नाही की फोटो दिला नाही. चार प्रश्न माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले आणि माझा हात असा धरला की वळ उठले. "त्याला धोका होईल असं दिसलं तर ओळख देऊ नकोस. तशीच परत ये."

सरहद्दीवर गाडी थांबली. कुत्री घेऊन शिपाई डब्याखाली वाकून बघत होते. एका अधिकाऱ्याने माझी पर्स उलटी केली, हळदकुंकवाची डबी हुंगली. माझ्याजवळ लपवण्यासारखं काही नव्हतं, चार प्रश्न सोडून, पण मला खात्रीच वाटत होती की ते त्याला माझ्या कपाळावर दिसताहेत. हे म्हणाले, "अगं, श्वास घे." मी श्वास घ्यायची विसरले होते.

येनात ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दारावर नाव होतं, पेन्सिलीने लिहावं इतकं बारीक. मी बेल दाबली. आतून आवाज आला, "कोण आहे?" काय सांगणार? मी नुसती उभी. दार साखळीपुरतं उघडलं, आत चोविसेक वर्षांचा मुलगा. डोळे थेट आन्नाताईंचे, टेबलाखाली पाहिले होते तेच. मी म्हणाले, "आम्ही न्युरेम्बर्गहून..." आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडाचं दार फटीएवढं किलकिलं झालं. तो मोठ्याने, समोर ऐकू जाईल असं बोलला, "चुकीच्या घरी आलात. मला बहीणबिहीण कोणी नाही." आणि दार लावून घेतलं. बहिणीचं नाव मी अजून काढलंही नव्हतं.

समोरचं दार मिटलं. ह्यांनी माझं कोपर धरलं, "चल, चल लवकर." आन्नाताईंनी बजावलं होतं की धोका दिसला तर परत फीर, आणि धोका तर दिसत होता. पण दारापलीकडून पावलांचा आवाज गेला नव्हता. तो तिथेच उभा होता. मी तोंड दाराशी नेलं आणि कुजबुजले... आपण कुठले? काही नाही. कुठून निघालो? काही नाही. बरोबर काय आणलं? हे मला ओढतच होते. मी शेवटचा प्रश्न विचारला, परत कधी जायचं? मग अगदी खालून, किल्लीच्या भोकापाशी बसून बोलावं तसा आवाज आला, लहान मुलासारखा.

"बोलावलं की."

परत येताना मी गाडीभर रडले. न्युरेम्बर्गला आन्नाताई जिन्यात उभ्या होत्या. तो कसा दिसतो, काय करतो, काहीच विचारलं नाही. "म्हणाला?" "शेवटचं तेवढं म्हणाला. दार उघडलं नाही, आन्नाताई." त्या भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या. "जिवंत आहे," म्हणाल्या. "घाबरलाय आणि जिवंत आहे. गेनाऊ, तेच खरं." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाठपिशवी उघडली. वर लहान मुलाचा लोकरीचा स्वेटर होता, कसरीने खाल्लेला. त्यांनी तो कोमट पाण्यात धुतला आणि शेगडीच्या वर वाळत घातला. दिवसभर तो ठिबकत होता आणि त्या खाली खुर्ची टाकून बसल्या होत्या.

पुन्हा तिकडे जाणं जमलं नाही. पत्र त्यांनी कधीच पाठवलं नाही, त्याला जपायचं म्हणून. त्याच्याकडूनही काही आलं नाही. ह्यांची नोकरी बदलली, आम्ही फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला आलो, मीरा झाली. आन्नाताईंना मी किती वेळा म्हटलं, इकडे या राहायला. त्या म्हणायच्या, "आणि तो आला तर?" घर बदलायचं नाही, नाव बदलायचं नाही, बेल वाजली की विचारायचं नाही. वय तरी काय होतं त्यांचं! पण बेल वाजली की इतकी वर्षं जे काळीज धडधडत होतं, ते थकून गेलं.

तारेनंतर आम्ही न्युरेम्बर्गला पोचलो तेव्हा घरमालकाचा माणूस पेचकस घेऊन दाराशी उभा होता. पाटीखाली माझ्या नावाची पट्टी ताजी होती, याच वसंतात बदललेली. मी तिथून जाऊन इतकी वर्षं झाली होती तरी... त्याला म्हटलं, दोन्ही मला द्या.

आता ती पितळी पाटी आमच्या दारावर आहे, नेवरेकरच्या खाली, आणि तिच्या खाली कुसुम दाबके. फ्राऊ लांगला आमचा पत्ता देऊन ठेवलाय. कोणी कावानाग विचारत आलं तर इकडे पाठवा म्हणून तिला दोनदा बजावलं. मीराने पाटी बोटाने वाचली आणि विचारलं, "पण आई, आन्नामावशी तर मेली ना?" मी म्हटलं, हो, पण जो शोधत येईल त्याला ते माहीत नाही.

मी रोज पाटी पुसते. बेल वाजते. तो असेल म्हणून भीती वाटते, कारण त्याला सांगावं लागेल. तो नसेल म्हणूनही वाटते. ‘कोण आहे’ हे शब्द आईने शिकवल्याप्रमाणे अगदी ओठांवर येतात. मी ते गिळते आणि दार उघडते.