पंख्यातल्या अक्षता

"जरा वाक," फोटोवाला म्हणाला.

मी वाकले.

"अजून. आबांचा हात वर दिसला पायजे. तू खालून घे. दोन्ही हातांनी, ओंजळ केल्यागत."

मी ओंजळ केली.

बारामतीतलं एक मंगल कार्यालय. स्टेजवर टेबल, टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर पाच जुने लॅपटॉप उघडे मांडलेले. आबा म्हणजे सांगवीचे मोठे ऊस बागायतदार. त्यांच्या आईच्या स्मरणार्थ 'गरजू विद्यार्थ्यांना संगणक वाटप' होतं. वाटपाआधी लॅपटॉपची पूजा झाली. नारळ फोडला, त्याचं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं आणि मुठीमुठीनं अक्षता टाकल्या. नव्या ट्रॅक्टरची करतात तशी साग्रसंगीत पूजा. ट्रॅक्टरला चालतं ते लॅपटॉपला का चालू नये, असं त्यांना वाटलं असणार.

मग माइकवरून माझं नाव, माझं गाव आणि माझी जात. "निरवांगीची मागासवर्गीय, अत्यंत गरीब घरातली कन्या." टाळ्या.

आम्ही अत्यंत गरीब नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, ग्रामपंचायतीत पाणी सोडायला आहेत. दीड एकर रान आहे, दोन म्हशी आहेत, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध आहेत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा सांगितलं होतं, आता कुणापुढं वाकायचं नाही. दोन पिढ्या ते पाळलं गेलं. मी मात्र एका लॅपटॉपसाठी वाकले. पुढं मी आबांना बोलणार आहे, म्हणून माझं मीच आधी बोललेलं बरं.

मी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्ट करून दाखवायचा होता. आण्णांच्या कामावरूनच मी तो सुचवला होता: गावातल्या कुठल्या आळीला कधी पाणी सुटणार हे लोकांना मोबाईलवर आधी कळावं. सरांनी मान डोलावली. पण कॉलेजची लॅब तासापुरती उघडायची आणि तास संपला की कुलूप. बाकीच्यांकडं स्वतःची मशिनं होती. माझ्याकडं निरवांगीची एसटी होती. प्रोजेक्ट झाला नाही तर वर्ष वाया, एवढं सरळ गणित होतं.

घरी आणून लॅपटॉप सुरू केला. पंखा घरघरला, स्क्रीन उजळली आणि एका पोराचा फोटो आला. गॉगल, बुलेट, मागं ऊस. आबांचा मुलगा. खाली त्याचं नाव आणि त्याच्या खाली रिकामा चौकोन: पासवर्ड टाका. मी बघत बसले. थोड्या वेळात मशीन तव्यासारखं तापलं आणि आपोआप बंद पडलं. परत चालू केलं, परत तोच गॉगल, परत बंद. चार दिवस आमच्या घरात हेच चाललं होतं.

आणि झाकणावर पिवळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं, "कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ गरीब विद्यार्थ्यास सप्रेम भेट". पंख्यावर, बाकावर, पाण्याच्या टाकीवर लिहितात तसं. लॅपटॉपचं झाकण उघडलं की ते समोरच्याकडं होतं. मी स्क्रीन बघणार आणि समोरचा माझी गरिबी वाचणार. हे लिहिणाऱ्याच्या मनात आलंही नसेल. तेच जास्त लागलं.

आण्णा म्हणाले, "चल, सांगवीला जाऊ. पासवर्ड इचारून येऊ. त्यात काय लाजायचं."

गेलो. बंगल्याच्या ओसरीवर खुर्च्या होत्या आणि त्यांवर चार माणसं बसलेली. आबांनी आम्हाला गोठ्याकडच्या कट्ट्याकडं हात केला. आम्ही तिथं बसलो. चहा आला. खुर्च्यांवरच्यांना कपबशी. आम्हाला कागदी कप, पाकीट फोडून त्यातून काढलेले. कागदी कपाला जात नसते, असं कुणी म्हणेल. मग खुर्च्यांवर का नाही दिले?

आण्णांनी हात जोडूनच विषय काढला. आबांनी पोराला पुण्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कुठला लॅपटॉप? ते भंगार? मला न्हाय आठवत पासवर्ड. त्यांना काय करायचाय? मोबाईल हाय की गाणी बघायला."

खुर्च्यांवरचे हसले. आबाही हसले. मग आण्णांकडं बघून म्हणाले, "काय रे, धर्माची गाय अन् दात का गं न्हाय, तशातली गत झाली तुमची. फुकट मिळालं का तक्रार आलीच."

सगळे पुन्हा हसले. आणि आण्णाही हसले.

आबांचं बोलणं मी एका कानानं ऐकलं असतं आणि दुसऱ्यानं सोडलं असतं. आण्णांचं हसणं सोडता आलं नाही. पहाटे चारला उठून अख्ख्या गावाला पाणी सोडणारा माणूस. व्हॉल्व्हवरून भांडण झालं तर पाटलाच्या पोरालाही रांगेत उभा करणारा. तो कागदी कप हातात धरून, स्वतःवर केलेल्या विनोदाला हसत होता. माझ्यासाठी. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आणि नंतर माझाच जास्त आला.

एसटीत मी विचारलं, "तुमी का हसला?"

त्यांनी तिकिटं घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "न्हाय हसलो तर भांडावं लागलं आसतं. भांडलो तर मशीन गेलं आसतं. तुझं वरीस गेलं आसतं."

"जाऊ द्यायचं हुतं."

"हां. तुला बोलाया काय जातंय."

घरी येईपर्यंत एक ठरलं होतं. त्या चौकोनात भरायला मी कुणाकडं काही मागणार नाही. चौकोनच काढून टाकायचा.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या तासाला मी पेनड्राइव्ह नेला. फुकट मिळणारी एक सिस्टिम असते, तिला ना पैसे लागतात ना कुणाचा आशीर्वाद. ती उतरवून घेतली. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, आतलं सगळं पुसायचं, नवं टाकायचं. कृती साधी होती. घरी करून बघितली तर अर्ध्यात मशीन तापलं आणि बंद. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा मी रडले. रडले हे लिहिते, कारण विद्रोही माणसं रडत नाहीत असा एक गैरसमज आहे.

रविवारी दुपारी मी लॅपटॉप उंबऱ्यापाशी पालथा घातला. आण्णांच्या हत्यारांत दोन इंची पान्यापासून सगळं होतं, एवढ्या बारक्या स्क्रूचं काही नव्हतं. शेवटी गावातल्या मोबाईलवाल्याकडून पेचकस आणला. एकेक स्क्रू काढून ताटलीत ठेवला आणि मागचं झाकण उचकटलं.

आत तांदूळ होते.

कुंकवानं लाल झालेले तांदूळ. जाळीतून आत गेलेले, पंख्याच्या पात्यांत अडकलेले. पंखा फिरायचा प्रयत्न करी, दाण्यांना अडे, घरघरे, आणि मशीन तापून स्वतःला बंद करून घेई. कडेला नारळाच्या पाण्याचा चिकट डाग वाळला होता, त्यावर हळद बसली होती. बिघाड बाकी काही नव्हताच. ते मशीन पूजेनं बंद पाडलं होतं. त्यांच्याच हातानं. आणि दात का नाहीत म्हणून आम्हाला हसले होते.

आई दारात पापड उलटत होती. तिनं वाकून बघितलं. "ह्ये काय आक्षता?" मी हो म्हटलं. तिला हसू फुटलं, मला फुटलं. आण्णा हसले नाहीत. ते उठले, गोधडीची सुई आणली, चष्मा घातला आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले. एकेक दाणा सुईच्या टोकानं काढायला लागले. व्हॉल्व्हमधला कचरा काढताना असतो तसा त्यांचा हात होता, सावकाश आणि न चुकणारा. शेवटचा दाणा निघाल्यावर पंख्याचं पातं त्यांनी करंगळीनं फिरवलं. ते गरगर फिरलं.

"धर, लाव," ते म्हणाले.

या वेळी मशीन तापलं नाही. गॉगल आला नाही. आतलं काहीही न बघता मी सगळं पुसलं. त्याचे फोटो, त्याचं नाव, त्याचा चौकोन. बऱ्याच वेळानं नव्या स्क्रीनवर प्रश्न आला: तुमचं नाव काय? मी माझं नाव लिहिलं. पासवर्ड विचारला, तोही माझा टाकला. मग झाकणावरचा पिवळा रंग थिनरनं घासून काढला. एवढं केल्यावर पोटभर जेवले.

पुढचे तीन आठवडे मी प्रोजेक्ट केला. आळ्यांची नावं, वेळा, टाकीची पातळी, सगळं आण्णांनी सांगितलं आणि मी भरलं. आमच्यासमोरच्या आळीतल्या दहा जणांच्या मोबाईलवर पहिला निरोप गेला, तेव्हा आण्णांनी तो तीनदा वाचला.

प्रोजेक्ट दाखवायला आठ दिवस होते आणि आबांचा फोन आला. आईचा स्मृतिदिन आहे, पोरीला घेऊन ये, तिनं दोन शब्द बोलायचे. काय बोलायचं तेही मोबाईलवर लिहून आलं. "मी एक गरीब मागासवर्गीय मुलगी. आबांनी दिलेल्या नव्या कोऱ्या लॅपटॉपमुळे माझ्या अंधाऱ्या जीवनात प्रकाश आला. हे उपकार मी सात जन्म फेडू शकणार नाही."

सात जन्म. आम्ही पुनर्जन्म मानत नाही, हे राहू द्या. पण नवा कोरा?

मजकूर पोचला का विचारायला आबांचा परत फोन आला. आण्णा "व्हय आबा, व्हय" म्हणत होते. मी हात पुढं केला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. बघितलं, आणि फोन दिला.

मी म्हणाले, "आबा, मी येणार न्हाय. तुमी दिला तेव्हा लॅपटॉप बंद हुता. चालू आमी केला. बोलायचं आसंल तर येवढंच बोलीन."

पलीकडून आवाज चढला, "कुणासंगं बोलतीयास, कळतंय का?"

"कळतंय."

"मग परत दे आमचा लॅपटॉप."

"माणूस पाठवा," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आठ दिवसांवर परीक्षा आणि मी पायावर धोंडा पाडून घेतला होता. आई म्हणाली, "आता गं?" आण्णा टोपी घालून पाणी सोडायला गेले.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून माणूस आला. मी प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर उतरवून ठेवला होता. माझं सगळं काढलं, मशीन स्वच्छ पुसलं, त्याच्यासमोर चालू करून दाखवलं. मग कागद पुढं केला. "लॅपटॉप चालू स्थितीत परत मिळाला."

"ह्ये कशाला?" तो म्हणाला.

"सही करा. मग न्या."

आण्णा माझ्यामागं येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "कर सही. बिनचालूचा आणला हुता, चालू करून दिलाय. ह्यात खोटं काय हाय?" त्यानं सही केली. तो कागद आण्णांनी घडी घालून पाकिटात ठेवला.

त्याच दिवशी मी कॉलेजला गेले. विभागप्रमुख सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं, मला लॅब पाहिजे. तासानंतर, संध्याकाळच्या शेवटच्या एसटीपर्यंत, सात दिवस.

सर म्हणाले, "तुला तो लॅपटॉप मिळाला होता ना? पेपरात फोटो बघितला मी."

"परत केला."

"परत?" त्यांनी पेन खाली ठेवला. "अगं, लॅबचा तसा नियमच आहे. विद्यार्थ्यानं लेखी मागितलं तर तासानंतरही उघडायची. पण आजपर्यंत कुणी मागितलंच नाही."

कुणी मागितलंच नाही. मी तिथंच उभी राहिले आणि ते वाक्य आत आत जात राहिलं. तीस मशिनं कुलपात होती. ती माझीच होती, माझ्या फीची, माझ्या सरकारची, माझ्या हक्काची. आणि मी मंगल कार्यालयात जाऊन कुणाच्या तरी भंगारासाठी ओंजळ पसरली होती. आण्णांना कागदी कपातला चहा पाजला होता. मला दिलं गेलं नव्हतं हे खरं. पण मी विचारलंही नव्हतं. आम्हाला घ्यायला शिकवतात, विचारायला कुणी शिकवत नाही, आणि हा धडा कोण गाळतं ते मला त्या केबिनमध्ये कळलं.

मी वही काढली आणि उभ्याउभ्या अर्ज लिहिला. आपल्याकडं अर्जाच्या शेवटी सहीच्या वर 'आपली कृपाभिलाषी' लिहायची रीत आहे. शाळेपासून लिहीत आले होते. या वेळी लिहिलं नाही. नियम लिहिला, वेळ लिहिली, नाव लिहिलं.

सरांनी वाचला. "ठीक आहे. बस तू बाहेर, उद्यापर्यंत बघतो."

"सर, मी बसत न्हाय," मी म्हणाले. "आज पाच वाजता लॅब उघडा. मी दारात उभी हाय."